चिमणरावाचें बिऱ्हाड

(१)

राजांचा इतिहास लिहिला जातो, पंथांचा लिहिला जातो, अलीकडे खाद्यपदार्थांचा नि पोशाखांचाहि लिहिला जाऊं लागला आहे. परंतु एखाद्या समाजानें स्वतःच्या माजघराकडे पाहून हंसावयास केव्हां आरंभ केला आणि तें हंसूं त्यानें कोठें जपून ठेवलें, याचा माग घेण्याचा उद्योग सहसा कोणी करीत नाहीं. हंसूं तें हंसूंच. तें विरून जावयाचें, अशी आपली समजूत आहे. ही समजूत कितपत खरी आहे हें पाहण्यासाठीं प्रथम एका परक्या घराचें उदाहरण घेऊं आणि मग आपल्या घराकडे वळूं.

अमेरिकेंत १७ डिसेंबर १९८९ या दिवसापासून एक कुटुंब दूरचित्रवाणीच्या पडद्यावर नांदत आहे. बाप अणुवीज-केंद्रांत नोकरीस असून आळशी नि खादाड, आई सोशिक, दहा वर्षांचा मुलगा व्रात्य, आठ वर्षांची मुलगी घरांतल्या सर्वांहून शहाणी, आणि धाकटें मूल तोंडांत चोखणी धरून बसलेलें. हीं माणसें हाडामांसाचीं नाहींत. तीं रेखाटलेलीं आहेत, त्यांची कांति हळदीसारखी पिवळी आहे, आणि त्यांचें आडनांव सिम्प्सन असें आहे. मॅट ग्रेनिंग या व्यंगचित्रकारानें १९८७ सालीं दुसऱ्या एका कार्यक्रमाच्या मधल्या फटींत बसतील अशीं चिमुकलीं प्रकरणें म्हणून तीं प्रथम योजिलीं, आणि त्यांतल्या बहुतेकांस आपल्याच आईबापांचीं नि बहिणींचीं नांवें दिलीं. पुढें त्यांचा स्वतंत्र संसार थाटला गेला. तो साडेसातशेंहून अधिक भाग होऊन गेले तरी अद्यापि आटोपलेला नाहीं. इतक्या अवधींत त्या देशाचे कित्येक अध्यक्ष आले नि गेले. पण तो मुलगा दहाच वर्षांचा आहे नि त्या तान्हुलीच्या तोंडांतली चोखणी सुटलेली नाहीं.

असें कुटुंब आपल्याकडे झालें काय? झालें, आणि तें या अमेरिकन कुटुंबाहून पन्नासांवर वर्षांनीं वडील आहे. तेंहि लेखकाच्या स्वतःच्या वर्गांतलें, त्याच्याच गल्लींतलें. त्यानेंहि पानावरून पडद्यावर प्रवास केला. मात्र तें रेखाटलें गेलें नाहीं. आणि ज्या वेळीं तें घराघरांत जाऊन बसलें, त्या वेळचा त्याचा वावर आपण नीट राखून ठेवला नाहीं. या दोन गोष्टी कशा घडल्या आणि त्यांपासून काय बोध घ्यावा, हें सांगणें हा या लेखाचा हेतु आहे.

(२)

मराठींतील आधुनिक विनोदाचा आरंभ श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांपासून धरण्याची वहिवाट आहे. १९०२ सालीं 'विविधज्ञानविस्तारां'त त्यांचा 'साक्षीदार' हा लेख आला, आणि पुढें 'सुदाम्याचे पोहे' या नांवानें तें लेखन ग्रंथरूप झालें. सुदामा, बंडूनाना आणि पांडुतात्या हें त्यांतील त्रिकूट वाचकांच्या परिचयाचें आहे. परंतु या तिघांस बारकाईनें पाहिलें तर एक गोष्ट ध्यानांत येते. हीं माणसें चर्चा करतात, सणावारांची नि रूढींची खिल्ली उडवितात, समारंभास जातात; मात्र त्यांच्या घरांत चूल कशी पेटते, पोराच्या शाळेचें काय झालें, महिनाअखेरीस वाण्याची उधारी किती राहिली, हें आपणांस फारसें दिसत नाहीं. कोल्हटकरांचा रोख समाजाच्या आचारविचारांवर होता, आणि त्या कामास घराची गरज नव्हती. तिघे बोलके पुरुष पुरेसे होते.

राम गणेश गडकऱ्यांनीं 'बाळकराम' या टोपणनांवानें तीच परंपरा पुढें नेली. त्यांच्या ठकीच्या लग्नाच्या खटाटोपांत घराचा उंबरठा दिसूं लागतो खरा. पण तेथेंहि अतिशयोक्तीचा फुलोरा एवढा विलक्षण आहे, कीं वाचक हंसतो तो गडकऱ्यांच्या शब्दवैभवानें दिपून हंसतो. ठकी ही आपल्याच घरांतली मुलगी, असें त्यास वाटत नाहीं. गडकरी १९१९ च्या जानेवारींत वारले, आणि उंबरठा ओलांडून आंत जाण्याचें काम राहून गेलें.

तें काम चिंतामण विनायक जोशी यांनीं केलें. १९३२ सालीं त्यांचें 'एरंडाचें गुऱ्हाळ' निघालें, पाठोपाठ १९३३ सालीं 'चिमणरावांचें चऱ्हाट' निघालें, आणि मराठी वाङ्मयांत प्रथमच एक संबंध बिऱ्हाड राहावयास आलें. साधा, भिडस्त, अंगानें किरकोळ असा नोकरदार चिमणराव. त्याची बायको काऊ. राघू, मैना, मोरू हीं मुलें. घरांत वडीलधारी आई. आणि या सर्वांवर छाया धरणारा, दंडाच्या बळावर भरवसा ठेवणारा मावसभाऊ गुंड्याभाऊ. पुढें 'आणखी चिमणराव' (१९४४) आणि 'गुंड्याभाऊ' (१९४७) या पुस्तकांनीं हा गोतावळा वाढत गेला.

या नांवांकडे वाचकांनीं क्षणभर पाहावें. चिमणा, काऊ, राघू, मैना, मोर! हें एक पांखरांचें घरटें आहे. मराठी घरांत मुलाला पहिला घांस भरवितांना जीं पांखरें बोलाविण्यांत येतात, तींच येथें धोतर-लुगडें नेसून संसार करीत आहेत. म्हणजे चिमणरावाचें कुटुंब छापील पानावर अवतरलें तेव्हांच तें निम्में चित्ररूप होतें. नांव उच्चारतांच चोंच नि पंख डोळ्यांपुढें यावेत, आणि लगेच त्या पांखरानें वाण्याच्या यादीवरून बायकोशीं वाद घालावा, या विसंगतींतच त्या विनोदाचें बीज आहे.

दुसरी महत्त्वाची गोष्ट निवेदनाची. चिमणरावाची फजिती दुसरा कोणी सांगत नाहीं. ती तो स्वतः सांगतो. यामुळें हंसणारा नि हंसें झालेला यांच्यांत अंतर राहत नाहीं. कोल्हटकरांचा वाचक रूढींस हंसे आणि आपण त्यांच्या पलीकडचे आहों असें मानी. चिमणरावाच्या वाचकास ही सोय नाहीं. मुलीचें स्थळ पाहावयास जातांना उसन्या कोटाची घडी सांवरणारा, साहेबापुढें वाचा बसलेला, पाहुण्यांसमोर फुशारकी मारून मग ती निभावतांना घामाघूम झालेला हा गृहस्थ शेजारचा नव्हे. तो आपल्याच आरशांतला आहे. सुशिक्षित मध्यमवर्गानें इतक्या मोकळेपणानें स्वतःस हंसण्याची ही मराठींतील पहिली मोठी घटना होय, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

(३)

हें घरटें विणणारा गृहस्थ व्यवसायानें विनोदी लेखक नव्हता. चिं. वि. जोशी यांचा जन्म १८९२ सालीं पुण्यांत झाला. ते बडोद्याच्या महाविद्यालयांत पाली भाषा शिकवीत. 'अ मॅन्युअल ऑफ पाली' हें त्यांचें क्रमिक पुस्तक विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनीं वापरलें. लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीसाठीं त्यांनीं एका अवघड अट्ठकथेचें संपादन केलें, आणि जातकांतील निवडक गोष्टी मराठींत आणिल्या. शिवाय ते बडोदें संस्थानचे राजदप्तरदारहि होते. म्हणजे जुने कागद जपणें, लावणें नि हवे तेव्हां सांपडतील असे ठेवणें हा त्यांच्या नोकरीचाच भाग होता. या शेवटच्या गोष्टीचें स्मरण वाचकांनीं ठेवावें. तिचें काम पुढें पडणार आहे.

जातककथांत हरीण बोलतें, माकड शहाणपण सांगतें, बगळा लबाडी करतो आणि खेंकडा त्याची मान कापतो. आणि हें सर्व निर्विकार, शांत स्वरांत सांगितलेलें असतें. जनावरांच्या मुखानें माणसाचे दोष दाखविणें ही त्या वाङ्मयाची प्राचीन युक्ति होय. पाली पंडिताच्या लेखणींतून पांखरांच्या नांवाचें कुटुंब उतरावें, आणि त्याची कथा आरडाओरड न करतां, जणूं कांहीं विशेष घडलेंच नाहीं अशा थाटांत सांगितली जावी, हा योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा नाहीं. गडकऱ्यांचा विनोद शब्द उधळतो. जोश्यांचा विनोद शब्द राखून खर्च करतो. प्रसंग असा रचावयाचा, कीं माणूस आपल्या पायानें चालत जाऊन खड्ड्यांत पडेल, आणि निवेदकानें फक्त खड्ड्याची खोली सांगावी. हा संयम घरगुती विनोदास फार मानवतो. कारण घरांत कोणी कोणाला व्याख्यान देत नसतें.

(४)

असें घर पानावरून उठून पडद्यावर जाणार, हें ठरलेलेंच होतें. मास्तर विनायक यांनीं दिग्दर्शित केलेला 'लग्न पहावें करून' १९४० सालीं आला, 'सरकारी पाहुणे' १९४२ सालीं आला. दामुअण्णा मालवणकर चिमणराव झाले, विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ झाले. दामुअण्णांच्या तिरळ्या नजरेनें चिमणरावाच्या गोंधळास जें रूप दिलें, तें त्या काळच्या प्रेक्षकांस पुस्तक उघडतांनाहि दिसत राहिलें. ज्या विवाहाच्या बाजारावर गडकऱ्यांनीं शब्दांचा मारा केला होता, तोच बाजार आतां डोळ्यांनीं पाहतां येऊं लागला.

त्यानंतर घरगुती विनोदानें आणखी एक वळण घेतलें, तें केवळ आवाजाचें. मुंबई आकाशवाणीवरून 'प्रपंच' आणि 'पुन्हा प्रपंच' या मालिका प्रसृत होत. पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भाऊजी यांचे संवाद लोक घरांतलें काम हातावेगळें करीत ऐकत. बाळ कुडतरकर, नीलम प्रभु आणि प्रभाकर जोशी यांचे ते आवाज. आवाजास सुरकुत्या पडत नाहींत, निदान लवकर पडत नाहींत. म्हणून तें बिऱ्हाड ऐकणाऱ्याच्या मनांत तेंच नि तसेंच राही. रेखाटलेल्या कुटुंबाचें अर्धें रहस्य येथें आहे. अमेरिकेंतील त्या पिवळ्या माणसांस तरुण ठेवणारी वस्तु चित्रकाराची पेन्सिल हें जितकें खरें, तितकेंच त्यांस बोलविणारे मुख्य नट तेच राहिले हेंहि खरें.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. पुण्यास तें दिसावें म्हणून पुढल्याच वर्षीं सहक्षेपणाची सोय झाली, आणि सिंहगडावर नव्या जातीचा एक मनोरा उभा राहिला. १९७७ ते १९७९ या काळांत 'चिमणराव' दूरदर्शनवर आला. निर्मिती विजया जोगळेकर-धुमाळे यांची; दिलीप प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. मराठींतील अगदीं आरंभींच्या कौटुंबिक मालिकांपैकीं ही एक. चित्र काळें-पांढरें, संच सर्वांकडे नसत, एका घरीं संच असला कीं त्या घरीं अर्धा वाडा जमे. चिमणरावाचें बिऱ्हाड पाहण्यासाठीं इतकीं बिऱ्हाडें एका खोलींत दाटीवाटीनें बसलेलीं असत, हा देखावा चिं. वि. जोश्यांनीं पाहिला असता तर त्यांस एक नवीन प्रकरण सुचलें असतें. परंतु ते १९६३ च्या नोव्हेंबरांत निवर्तले होते. 'चिमणराव गुंड्याभाऊ' हा चित्रपटहि १९७९ सालीं निघाला.

आणि मग तें घर थांबलें. थांबणें स्वाभाविकच होतें. कारण हाडामांसाच्या नटास वय असतें, पोरांचीं कामें करणारीं पोरें पाहतां पाहतां मोठीं होतात. पुस्तकांतला मोरू मोरूच राहतो. पडद्यावरच्या मोरूला मिसरूड फुटतें. जिवंत नटांवर उभारलेल्या कुटुंबकथेची मुदत निसर्गानेंच ठरविलेली असते. रेखाटलेल्या कुटुंबास ही अडचण नाहीं. मग साहजिकच प्रश्न येतो: ज्या कुटुंबाचीं नांवेंच पांखरांचीं, तें रेखाटून हालतें-बोलतें करण्याची बुद्धि आपणांस कां झाली नाहीं?

(५)

कलेचा अभाव होता, असें म्हणतां येणार नाहीं. दादासाहेब फाळक्यांनीं गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकांतच आगकाड्यांस पडद्यावर नाचविलें होतें. त्या लघुपटाचें नांव 'आगकाड्यांची मौज'. प्रभात फिल्म कंपनी १९३३ सालीं कोल्हापुराहून पुण्यास आली, आणि दुसऱ्याच वर्षीं तिनें 'जंबू काका' हा कोल्ह्याचा हालता चित्रपट काढला. म्हणजे ज्या सुमारास पुण्यांतला चिमणराव पुस्तकांत संसार थाटीत होता, त्याच सुमारास त्याच पुण्यांत चित्रांस चालावयास शिकविलें जात होतें. दोघांची गांठ पडली नाहीं, एवढेंच.

पुढें मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्यें १९५६ सालीं व्यंगपट-विभाग सुरू झाला. डिस्नेच्या संस्थेंत काम केलेले क्लेअर वीक्स यांनीं तेथील चित्रकारांस शिक्षण दिलें, गो. का. गोखले, राम मोहन प्रभृति मंडळी त्या विभागांत घडली. १९५७ सालीं या विभागानें 'द बनियन डिअर' हा लघुपट केला. विषय? न्यग्रोधमृगाचें जातक! ज्या वाङ्मयाच्या अध्ययनांत चिमणरावाच्या जनकाचें आयुष्य गेलें, त्याच वाङ्मयांतील हरीण अजिंठ्याच्या वळणानें पडद्यावर चालूं लागलें. पांखरांचें घरटें त्यापासून फार दूर नव्हतें. पण तेथवर कोणी पोहोंचलें नाहीं.

याचें कारण कलेंत नव्हतें, आश्रयांत होतें. हालतें चित्र ही फार खर्चाची वस्तु आहे. सेकंदाला चोवीस चौकटी लागतात, आणि हातानें काढावयाचें म्हणजे मिनिटभराच्या हंसण्यासाठीं शेंकडों चित्रें काढावीं लागतात. अमेरिकेंत हा खर्च जाहिरातदार उचलीत, आणि तेथल्या मंडळींनींहि चित्रें भरण्याचें बरेंच काम दक्षिण कोरियांतील सेऊलच्या कारागिरांकडून करवून घेतलें. आपल्याकडे या कलेचा मुख्य धनी सरकार होतें. आणि सरकारास हंसवावयाचें नव्हतें, शिकवावयाचें होतें. बचत करा, लस टोंचा, एकीनें राहा. उपदेश दहा मिनिटांत आटोपला कीं चित्र संपलें. अशा चित्रांत गुणी कलावंतांनीं पुष्कळ गंमत साधली. पण आठवड्यामागून आठवडे नांदणारें घर त्यांत कसें मावावें?

तरीहि एक रेखाटलेलें कुटुंब आपल्या देशांत भिंतोभिंतीं पोहोंचलें होतें, हें विसरतां येत नाहीं. गेल्या शतकाच्या सातव्या दशकापासून कुटुंबनियोजनाच्या प्रचारासाठीं लाल त्रिकोण आणि चार हंसरे चेहरे रंगविले जात: बाप, आई, मुलगा नि मुलगी. दवाखान्यावर, चावडीवर, एस. टी.च्या थांब्यावर तें कुटुंब आपणांकडे पाहत असे. आमचें सर्वांत परिचित चित्रकुटुंब तेंच. त्यानें कधीं भांडण केलें नाहीं, कधीं उधारी केली नाहीं, त्याच्या घरीं कधीं नको असलेला पाहुणा आला नाहीं. तें फक्त हंसत राहिलें. चिमणरावाच्या घरांत कोणी क्वचित् हंसतें, पण त्याकडे पाहणारा पोट धरून हंसतो. त्रिकोणाशेजारचें कुटुंब सदैव हंसतें, पण त्याकडे पाहून कोणास हंसूं आल्याचें ऐकिवांत नाहीं. उपदेश आणि उपहास यांतला भेद दाखविण्यास याहून सोपें उदाहरण मिळणार नाहीं.

चित्र नि कुटुंब यांची गांठ पडण्याचा एक प्रसंग मात्र उलट्या दिशेनें आला. रा. कृ. लक्ष्मण यांनीं मुंबईच्या वृत्तपत्रांतून 'कॉमन मॅन' हा चौकड्यांच्या कोटांतला मुका गृहस्थ चित्रिला होता. १९८८ सालीं त्यांच्या कल्पनेवरून 'वागळे की दुनिया' ही हिंदी मालिका निघाली. कुंदन शाह यांचें दिग्दर्शन, अंजन श्रीवास्तव वागळे. आडनांव मराठी, घर मुंबईचें, नोकरी लहान, अडचणी रोजच्या. येथें चित्रकारानें रेखा बाजूस ठेवून माणसें घेतलीं. लेखकाजवळ पांखरें होतीं, त्यास चित्रकार मिळाला नाहीं. चित्रकाराजवळ रेखा होती, त्यानें नट निवडले.

(६)

चिमणरावाच्या घराची स्तुति करतांना त्याच्या भिंतींची रुंदीहि मोजली पाहिजे. तें पुण्याच्या पेठेंतलें, पांढरपेशें घर होतें. पुण्याच्या पश्चिमेस, मुळा नदीच्या खोऱ्यांत, पौड-पिरंगुटाशेजारीं घोटावडे नांवाचें गांव आहे. पेठेंतून तेथें जाणें हें एका दिवसाचें काम नव्हतें असें नाहीं. पण पेठेच्या कल्पनेंत तें गांव फार दूर होतें. या बाजूच्या मावळपट्टींतून सुवासिक आंबेमोहोर येई, एवढी ओळख पुष्कळांस पुरत असे. १९२१ सालीं याच मुळशी तालुक्यांत टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापति बापटांच्या नेतृत्वाखालीं शेतकऱ्यांचा सत्याग्रह झाला. धरण व्हावयाचें तें झालेंच; गांवें पाण्याखालीं गेलीं. घोटावडे धरणाच्या खालच्या अंगास, म्हणून तें राहिलें. त्या पाण्याची वीज मुंबईस गेली. मुंबईच्या घरांत पुढें जे दूरदर्शनचे संच उजळले, त्यांच्या उजेडांत या खोऱ्याचाहि वांटा होता. पण त्या उजेडांत दिसणाऱ्या घरांत या खोऱ्यांतील माणसांस जागा क्वचितच मिळाली, आणि मिळाली तर बहुधा गड्याची किंवा दूधवाल्याची.

हा दोष एकट्या मराठीचा नाहीं. सिम्प्सन कुटुंबाच्या गांवांत अपू नांवाचा एक भारतीय दुकानदार १९९० पासून आहे. त्याच्या उच्चारांवरून अमेरिका वर्षानुवर्षें हंसली. आणि तेथील शाळांत शिकणाऱ्या भारतीय मुलांस, त्यांत मराठी घरांतलींहि आलीं, त्याच उच्चारांवरून चिडविलें गेलें. २०१७ सालीं हरि कोंडाबोलू या हिंदी वंशाच्या विनोदकारानें या विषयावर एक माहितीपट केला. त्या पात्रास आवाज देणारा गोरा नट हँक अझेरिया याने २०२० सालीं तें काम सोडल्याचें जाहीर केलें. यांत शिकण्यासारखें असें कीं, त्याच मालिकेंतील बापाविषयीं अमेरिकन गृहस्थांनीं अशी तक्रार लावून धरली नाहीं, वास्तविक त्याची थट्टा अपूच्या शतपट केलेली आहे. कारण उघड आहे. बाप हा हंसणाऱ्यांच्या घरांतला. अपू परक्या घरांतला. घरच्या माणसास हंसतांना हंसणारा स्वतःच्या उणिवेची कबुली देत असतो. परक्यास हंसतांना तो तिच्यापासून सुटका करून घेत असतो. चिमणरावाचा विनोद टिकला तो पहिल्या जातीचा होता म्हणून.

आणि आज? घोटावड्याच्या पूर्वेस माण नि हिंजवडी; तेथें संगणक-उद्योगाचे मनोरे उभे आहेत. पेठेंतलें बिऱ्हाड वाडा सोडून कोथरूडास गेलें, कोथरूडाहून बाणेरास, आणि आतां मुळशीच्या खोऱ्यांत जमिनीचा तुकडा शोधीत हिंडत आहे. रस्त्याच्या कडेचे फलक त्यास निसर्गाच्या कुशींत घर देऊं करतात. पाणी येईल कीं नाहीं याची चौकशी करावी, तर विकणाऱ्यापुढें भिडेनें तोंड उघडत नाहीं. बायकोपुढें मात्र फुशारकी मारावयाची. गुंड्याभाऊस बरोबर न्यावें, तर तो पहिल्याच भेटींत भांडण उकरणार. वाचकहो, हा चिमणराव नव्हे तर कोण? फरक एवढाच, कीं या चिमणरावाची कथा आतां त्याच्याच तोंडून सांगून भागणार नाहीं. तुकड्याच्या पलीकडच्या बांधावर उभें राहून त्याच्याकडे पाहणारें घोटावड्यांतलें एखादें घर आहे. त्या घरांतहि मुलगा पदवीधर आहे, सून नोकरीस जाते, म्हातारी दूरदर्शनपुढें बसते. त्या घरास स्वतःचा चिमणराव असलाच पाहिजे. तो त्यानें स्वतः सांगितला, तर मराठी विनोदाची भिंत खरोखर रुंदावेल. पेठेनें त्याच्यावतीनें सांगितला, तर तो दुसरा अपू होईल.

(७)

आतां राखून ठेवलेल्या गोष्टीकडे येऊं. दूरदर्शनवरील 'चिमणरावा'चे फारच थोडे भाग आज उपलब्ध आहेत. चित्रफीत त्या काळीं महाग असे. एकदां प्रसारण झालें कीं तीच फीत पुसून तिच्यावर नवा कार्यक्रम घेण्याची रीत जगांतील पुष्कळ संस्थांत होती. विलायतेंतील बी. बी. सी.नेंहि आपले कित्येक लोकप्रिय कार्यक्रम असेच गमाविले. तेव्हां एखाद्या अधिकाऱ्यावर ठपका ठेवण्यांत अर्थ नाहीं. दोष त्या समजुतीचा, कीं हंसूं ही जपण्याची वस्तु नव्हे. चित्रपटांसाठीं १९६४ सालीं पुण्यांतच राष्ट्रीय संग्रहालय स्थापन झालें होतें. दूरचित्रवाणीच्या घरगुती विनोदासाठीं तशी कोठी त्या वेळीं असावी, असें कोणास सुचलें नाहीं. पाहुणा दर आठवड्यास घरीं येतो, त्याचें छायाचित्र कोण काढून ठेवतो?

येथें राजदप्तरदार जोशी आठवतात. संस्थानच्या जुन्या हिशेबांच्या वह्या, खलिते, याद्या यांस वाळवी लागूं नये म्हणून ज्यांनीं आपलीं वर्षें वेंचलीं, त्यांच्याच मानसपुत्राचा सर्वांत गाजलेला अवतार पुसला गेला. अमेरिकेंतील त्या रेखाटलेल्या कुटुंबाचा पहिल्या दिवसापासूनचा जवळजवळ प्रत्येक शब्द आज कोणासहि पाहतां येतो. उद्यांच्या इतिहासकारास १९९० सालच्या अमेरिकन बापास कर्जाची, नोकरीची, शेजाऱ्याच्या नव्या गाडीची चिंता कशी वाटे, हें त्यावरून सांगतां येईल. १९७८ सालच्या मराठी बापाविषयीं असाच पुरावा मागितला, तर आपण काय दाखविणार? मोजके भाग, कांहीं छायाचित्रें, आणि ज्यांनीं ती मालिका पाहिली त्यांच्या आठवणी. आणि तीं माणसें वर्षागणिक कमी होत आहेत.

सुदैवानें पुस्तकें आहेत. 'चिमणरावांचें चऱ्हाट' नव्वद वर्षांनंतरहि मिळतें नि वाचलें जातें. पंचवीस वर्षांच्या मुलीच्या हातीं तें देऊन पाहावें. उसना कोट, विवाहाची बोलणी, संस्थानी थाट हे तिला जुने वाटतील, पण नवऱ्यानें दाराबाहेर केलेली बढाई नि दाराआड गेलेला चेहरा हा तिला जुना वाटणार नाहीं. ज्या घरांत हें पुस्तक आहे, त्या घरानें तें मोठ्यानें वाचावें. आणि ज्या वडीलधाऱ्यांस दूरदर्शनवरचा चिमणराव आठवतो, त्यांच्याजवळ बसून त्या आठवणी लिहून घ्याव्या. हालतें चित्र काढण्याचीं साधनें आतां महाविद्यालयांतील मुलांच्याहि हातीं आलीं आहेत. सरकारचा आश्रय नको, सेऊलचे कारागीर नकोत. चिमणरावाचें घरटें रेखाटावें, किंवा घोटावड्याचें नवें रेखाटावें. आणि रेखाटल्यावर त्याची एक प्रत कोठें तरी नीट नोंद करून ठेवावी. दप्तरदाराच्या लेखणीनें उभ्या राहिलेल्या बिऱ्हाडासाठीं इतकी अपेक्षा अवाजवी ठरूं नये.